मागच्या दारची पालखी

आत्याचे यजमान बोटीवर होते आणि आत्या एसटीत. रत्नागिरीतल्या त्या घराची हकिकत खरं म्हणजे एवढ्यातच संपते. यजमानांना आम्ही काका म्हणायचो. ते वर्षातले नऊ महिने मालवाहू बोटीवर असायचे आणि त्यांची पाकिटं कुठल्याकुठल्या बंदरांवरून यायची. त्यांनी आणलेल्या बिस्किटांच्या परदेशी डब्यांत आमसुलं आणि कुळथाचं पीठ भरलेलं असायचं, आणि त्यांनी आणलेल्या टेपरेकॉर्डरवर आत्या सकाळी भजनं लावून त्यांच्या तालावर भांडी आपटायची. आत्या एकटी राहते हे माझ्या वडिलांना खुपायचं. माझी बारावी झाली, पुढे काय याचा कुणालाच पत्ता नव्हता, तेव्हा त्यांनी मला सांगलीहून तिच्या सोबतीला पाठवून दिलं. पोर सोबतीला राहील आणि चार गोष्टी शिकेल, असा त्यांचा हिशेब होता. मी पहिली गोष्ट शिकले ती एसटीच्या पाट्या वाचायला.

कारण आत्याचा छंदच तो होता. आठवड्यातून एकदा ती घराला कुलूप लावायची, पिशवीत पाण्याची बाटली आणि रिकामा डबा टाकायची आणि स्टँडवर जाऊन उभी राहायची. ज्या गाडीवर कधी न ऐकलेल्या गावाची पाटी दिसेल त्या गाडीत चढायचं. परतीची गाडी किती वाजता हे कंडक्टरला विचारायचं, आणि कंडक्टर 'तिकडे काय काम काढलंत?' म्हणाला की 'काही नाही, गाव बघायचंय,' असं सांगायचं. यावर कंडक्टरची जी मुद्रा व्हायची ती मला अजून आठवते. काका म्हणायचे, मी अर्धं जग पाहिलं. आत्या म्हणायची, तुम्ही फक्त बंदरं पाहिलीत, बंदराच्या मागे कुणाच्या चुलीवर काय शिजतं ते कुठे पाहिलंत? काका पुन्हा बोटीवर निघून जायचे.

तिचे नियम दोनच होते. गावात शिरलं की पहिल्या घरी पाणी मागायचं. पाण्याबरोबर गुळाचा खडा येतो, गुळाबरोबर चौकशी येते, आणि चौकशी संपेपर्यंत पान वाढलेलं असतं. दुसरा नियम, पानात काय आहे ते खाऊन होईपर्यंत विचारायचं नाही. या दुसऱ्या नियमापायी मी जयगडच्या खाडीकाठी एका घरात, माळकरी आजोबांची नात असून, वाटीभर कालवांचं कालवण भाकरीशी खाल्लं आणि वर आणखी मागितलं. ती खडकाला चिकटलेली असतात आणि बायका ओहोटीला जाऊन फोडून आणतात हे आत्याने मला लाँचमध्ये बसल्यावर, पाण्याच्या मधोमध सांगितलं. मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. पुढच्या रविवारी मीच विचारलं, आत्या, जयगडची गाडी किती वाजता गं?

वेळणेश्वरला आम्ही गेलो ते भर पावसात. देवळाजवळच्या एका घरी ओलेचिंब होऊन टेकलो, तर तिथल्या आजींनी पडवीच्या कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर आठळ्या बाहेर काढल्या. उन्हाळ्यातल्या फणसांच्या बिया मातीत घालून ठेवायच्या, त्या पावसात कामाला येतात. चुलीत भाजलेल्या त्या आठळ्या मिठाबरोबर खाताना मी मनाशी एक नोंद करून ठेवली, की कोकणातली माणसं खायच्या वस्तू मातीत पुरून ठेवतात. आणखीही एक नोंद केली होती. सांगलीची माती काळी. इथे जे ते लाल. पाय लाल, परकराची कड लाल, कोंबड्यासुद्धा गुडघ्यापर्यंत लाल. तेव्हा कुठेही लाल दिसलं की ती माती, झटकायची आणि पुढे जायचं. या दोन नोंदींनी मिळून पुढे जो घोटाळा केला तो सांगायचा म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलंय.

देवरूखच्या गाडीत आम्हाला भागीकाकी भेटल्या. साठीच्या आसपासच्या, काटक, मांडीवर ओल्या काजूंची पिशवी. आत्याने पिशवीत काय आहे विचारलं आणि उतरेपर्यंत दोघी जन्माच्या मैत्रिणी झाल्या. शिमग्याला आमच्याकडे यायचंच, असं काकींनी वदवून घेतलं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, का ते शेवटी कळेल. देवरूखपासून आणखी आत, डोंगराच्या कुशीत, बऱ्याच घरांतले पुरुष मुंबईला आणि शिमग्याला झाडून सगळे हजर, असं ते गाव. काकींचे यजमान तात्या म्हणजे तिथले मानाचे गृहस्थ. मान कसला, तर खूण पुरण्याचा.

ही खूण म्हणजे काय ते आत्याने आणि मी शिमग्याला त्यांच्या घरी गेलो त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि गावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीसाठी बांधलेल्या चौथऱ्यावर, येऊन बसते. एका ठरलेल्या दुपारी ती खूण काढते. त्याआधी मानकऱ्याने एक नारळ गावात कुठेतरी जमिनीत पुरून ठेवायचा. कुठे ते कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. मग ढोल वाजायला लागले की पालखी भोयांच्या खांद्यावर नाचत, झुकत, वळत गावभर फिरते, आणि जिथे ती खाली वाकते तिथे उकरायचं. तिथे नारळ निघतो. आदल्या वर्षी मात्र पालखी दिवस मावळेपर्यंत फिरली तरी नारळ सापडला नव्हता. वरच्या वाडीची माणसं तेव्हापासून बोलत होती, की तात्यांनी खूण नीट पुरली नाही, म्हाताऱ्याच्या हातून मान काढून घ्या. यंदा सापडली नाही तर मान जाणार हे ठरल्यातच जमा होतं. तीन पिढ्या चालत आलेला मान. काकींनी आत्याला हे सांगताना पुरण वाटण्याचा हात थांबवला नाही, पण आवाज खाली गेला होता.

आम्ही पोचलो तेव्हा घरात पंचवीस-तीस माणसं होती. ओटीवर मुंबईकर मंडळी, त्यांच्या नव्या कोऱ्या शर्टांच्या घड्या अजून उमटलेल्या. सहाणेकडून ढोलाचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, मग कुणीतरी खोकायचं आणि पुन्हा सुरू. स्वयंपाकघरात पुरणाचा वास, आणि चुलीच्या धुरात चार बायका डोळे पुसत एकमेकींच्या सासरची उणीदुणी काढत होत्या. मला तिथे काहीच जमेना. माझी पोळी पाहून काकी म्हणाल्या की ही कुत्र्याला ठेवू, त्यालाही सण आहे. मग मला हलकं काम दिलं.

"बाय, परसात जा नि एक नारळ आण गो. गोठ्याच्या अंगाला हायत."

गोठ्याला अंगं दोन, हे काकी विसरल्या आणि मी विचारलं नाही. नारळ होते अलीकडच्या बाजूला, माळ्यावर. मी गेले पलीकडच्या बाजूला, बांधाशेजारच्या काजूच्या झाडाखाली. तिथे कोंबड्यांनी भुसभुशीत माती उकरली होती आणि तिच्यातून एक शेंडी वर आली होती. मला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. आठळ्या मातीत ठेवतात तसा नारळही ठेवत असतील. काठीने उकरून मी तो बाहेर काढला. चांगला मोठा, सोललेला नारळ. सगळा लाल झालेला. मी विहिरीवरच्या पाण्याच्या दगडी डोणीत तो घसाघसा धुतला, शेंडी उपटून टाकली आणि काकींच्या पुढे नेऊन ठेवला. एवढं एक काम धडपणे केल्याचा मला अभिमानही वाटला. काकींनी न बघताच तो दगडावर फोडला, विळीवर खवला आणि पिळून त्याचा रस काढला, पोळीबरोबर खायला. पहिलं पान देवाच्या नैवेद्याचं, ते सहाणेवर गेलं. मग आमची पंगत बसली.

पुरणपोळी नारळाच्या रसाशी खायची असते हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्ही तुपावरची आणि कटाच्या आमटीची माणसं. पहिल्याच घासाला मी आत्याकडे पाहिलं आणि आत्याने माझ्याकडे, आणि दोघींनी ठरवलं की सांगलीत हे कुणाला सांगायचं नाही, अपमान होईल. तिसरी पोळी मोडत असताना समोर बसलेले तात्या आत्याला म्हणाले की यंदा वरच्या वाडीवाल्यांना बोलायला जागाच ठेवली नाही. दुसराच नारळ आणून दाखवला असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी नारळाच्या डोळ्यांशेजारी कोयत्याने फुली मारून ठेवली होती आणि ती चार मानकऱ्यांना आधीच दाखवली होती. मग त्याला भरपूर हळदकुंकू लावलं, अगदी लालेलाल केलं, आणि पुरला. कुठे ते विचारू नका, हसत म्हणाले. पार दूर रानात पुरला असेल असंच सगळे समजणार.

धुताना माझ्या अंगठ्याला एक फुली लागली होती. नारळाला असते एखादी, असं मला वाटलं होतं.

मी पाणी प्यायले, त्याचा ठसका लागला, काकींनी पाठीवर थापटलं आणि कुणीतरी म्हणालं की आठवण काढली कुणीतरी. पंगत उठल्यावर मी आत्याला मागच्या अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. अर्ध्या जिल्ह्यात कुठल्याही घरात शिरून कढईत डोकावणारी माझी आत्या पहिल्यांदा घाबरलेली मी पाहिली. तिने विचारलं, परतीची गाडी किती वाजता होती गं? अडीच वाजता होती. निघून जाता आलं असतं. आपण गेलो की मागे कुणालाच काही कळणार नाही, पालखी फिरेल, थकेल, खाली बसेल. आणि ओटीवर तात्या कोरा फेटा बांधून घेत होते, आरशात बघून पुन्हा सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. मी ते दारातून पाहिलं आणि मला रडूच आलं. तशीच काकींकडे गेले.

काकी करवंट्या चुलीशेजारी रचून ठेवत होत्या. मी सांगत असताना त्यांनी एक एक उचलून उलटी करून पाहिली. चौथ्या करवंटीला फुली होती. त्यांनी ती पदराला पुसली. मी म्हटलं, मी सगळ्यांसमोर कबूल करते, चूक माझी आहे, परक्या माणसाची आहे, तात्यांना कुणी बोलणार नाही. काकींनी मान हलवली. तात्यांना कळलं तर ते आत्ताच सहाणेवर जाऊन सांगून टाकतील आणि मान सोडून मोकळे होतील, सरळ माणूस आहे, म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघत त्यांना काय वाटलं कोण जाणे, पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज मात्र नाही.

"देवाचा नारळ नैवेद्याच्या पानातना देवाकडंच गेला बाय. त्याच्या पोटात हाय तो. आता त्याची खूण त्यालाच काढू दे. तू तोंड धू नि उगी ऱ्हा."

त्यानंतर मी दोन गोष्टी पाहिल्या आणि त्या जशा पाहिल्या तशाच सांगते. काकींचा पुतण्या दामू पालखीचा पुढचा दांडा धरायचा. तो ढोल सुरू व्हायच्या आधी पाणी प्यायला मागच्या दाराशी आला. काकींनी त्याला तांब्या दिला. तो पाणी प्यायला आणि गेला. काकी त्याच्याशी बोलल्या की नाही हे मला दिसलं नाही, कारण त्यांची माझ्याकडे पाठ होती.

मग पालखी उठली. आतले चांदीचे मुखवटे उन्हात लकाकत होते आणि भोयांच्या अंगावर गुलालाची पुटं चढली होती. गाव सगळं मागून धावत होतं, बायका मात्र बांधावर, कारण खूण काढताना बायकांनी लांबून बघायचं अशी रीत. पालखी आधी वरच्या वाडीकडे गेली, तिथून खळ्यांवर आली, पिंपळाला वळसा घालून तात्यांच्या परसात शिरली. थेट काजूच्या झाडाखाली. तात्यांचं तोंड उजळलं ते मी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पालखी झुकली. दोघांनी उकरलं. खड्डा रिकामा. कुणीतरी आणखी खोल उकरलं. तात्या पुढे झाले, गुडघ्यावर बसले आणि हाताने माती चाचपू लागले. वरच्या वाडीतला एकजण हसला. तेवढ्यात पालखी एकदम हलली. मागच्या भोयांचा तोल गेला, ओरडाआरडा झाला, आणि ती गोठ्याला वळसा घालून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली. तिथे ती अशी खाली वाकली की दांड्याचं टोक उंबऱ्याला टेकलं.

ढोल थांबले. स्वयंपाकघराच्या दाराशी पालखी कधीच कुणी पाहिली नव्हती. आतून काकी आल्या. डोक्यावर पदर, हातात ती करवंटी, तिला आता कुंकू लावलेलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे धरली. मानकऱ्यांपैकी एकाने फुली पाहिली, दुसऱ्याला दाखवली. तात्या मातीने भरलेले हात तसेच धरून करवंटीकडे बघत होते, मग काकींकडे, मग पुन्हा करवंटीकडे.

"ह्यो इथं कसा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"त्याला भूक लागली व्हती," काकी म्हणाल्या. "पुरण शिजलं त्या घरात आला नि खाल्लान."

मग गावच्या म्हाताऱ्या गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, तू आज लेकीबाळींच्या चुलीपाशी आलास, असं काहीसं त्यात होतं, आणि सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाला. वरच्या वाडीतला तो हसणारा माणूसही म्हणाला. ढोल पुन्हा वाजायला लागले. तात्यांनी करवंटी कपाळाला लावली. आमची अडीचची गाडी कधीच गेली होती.

परतताना आणि पुढे कित्येक वर्षं आत्या आणि मी यावर भांडलो. आत्या म्हणायची, देव आला. मी म्हणायचे, दामू आला. आत्या विचारायची, मग आधी काजूखाली कोण आलं? काजूचं झाड दामूला कुणी सांगितलं? मी म्हणायचे, काकींनी, कारण मी त्यांना सांगितलं होतं. मग थेट दाराशी न आणता आधी तिथे कशाला नेईल, हा आत्याचा शेवटचा प्रश्न असायचा. काका सुटीवर आले तेव्हा आम्ही दोघींनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, इतक्या बंदरांवर मी उतरलो, पण कुठल्याच गावाचा देव शिजवून खाल्ला नाही. त्या वर्षापासून ते सुटीत आत्याबरोबर एसटीने हिंडायला लागले.

मी पुढे शिक्षिका झाले, लग्न झालं, कोल्हापूर-पुणे करत राहिले. तात्यांचा मान टिकला हे आत्याच्या पत्रातून कळलं होतं. मग आत्या गेली, आणि त्या गावाशी धागा तुटला. आता गुडघे कुरकुरतात, पण अनोळखी पाटीची गाडी दिसली की पाय अजून अडखळतात. गेल्या शिमग्यात न कळवता तिथे जाऊन उभी राहिले. वाटेवर मुंबईहून आलेले एक गृहस्थ भेटले, चाळिशीचे, बाहेरगावची बाई पाहून त्यांना उत्साह आला. त्यांनी मला खूण काढण्याची सगळी रीत समजावली. मग म्हणाले, आमच्या गावची खासियत पुढेच आहे. नारळ निघाला की पालखी खूण पुरणाऱ्या मानकऱ्याच्या घराच्या मागच्या दारी जाते, घरातली वडील बाई करवंटी पुढे धरते, तोपर्यंत खूण पुरी होत नाही. दुसऱ्या कुठल्याच गावात असं नाही, पूर्वापार चालत आलंय, आमच्या खापरपणज्यापासून. मी विचारलं, हो का? ते म्हणाले, त्याहूनही आधीपासून असेल. मी शिक्षिका, आयुष्यभर पोरांच्या चुका लाल शाईने खोडल्या. माझी एक चूक एका अख्ख्या गावाने अशी सांभाळलेली पाहून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आनंद झाला, एवढंच म्हणते.

मागच्या दाराशी काकींची सून उभी होती, तीही आता पिकलेली. तात्या आणि काकी दोघेही जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी नाव सांगितलं नाही, फक्त सांगलीची म्हटलं. सुनेने माझ्याकडे नीट पाहिलं. ढोल जवळ येत होते, बांधावरच्या बायका आता थेट अंगणात येऊन उभ्या होत्या. सून आत गेली आणि करवंटी घेऊन आली. ती मात्र तिने स्वतःकडे ठेवली नाही.

"सासूबाई सांगून गेल्यात," ती हळूच म्हणाली. "सांगलीची कुणी आली तर मान तिचा."

पालखी दाराशी आली आणि माझ्यापुढे वाकली. करवंटी धरलेल्या माझ्या अंगठ्याला काहीतरी लाल लागलं होतं. या खेपेला मी ते पुसलं नाही.